डळमळीत गिऱ्हाईक

एकाच सकाळी, एकाच दुकानातून, एकाच गोदामात उतरलेली साखर मगदूम नवरा-बायकोने वेगवेगळी घेतली. त्रिशलाबाईंना ती पूर्ण भावाने पडली आणि सुकुमाररावांना जवळजवळ फुकट.

"हा काय प्रकार आहे?" त्रिशलाबाईंनी दोन्ही बिलं काउंटरवर आपटली.

काउंटरवरच्या मुलीला हा प्रश्न दिवसातून वीस वेळा ऐकायची सवय असावी. ती हसून म्हणाली, "काकू, तुम्ही साखर अडीच सेकंदांत उचलली. काकांना सतरा मिनिटं लागली. त्यांना दोलनसूट बसली."

"म्हणजे माणूस घोळ घालतो म्हणून त्याला स्वस्त?"

"हो. आणि घोळही खरा लागतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तर मशीनला कळतं."

सांगली-मिरज रस्त्यावर 'सर्वस्व' उघडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. सुईपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळं एका छपराखाली, आणि छप्पर एवढं लांब की तांदूळ घेऊन चपलांच्या विभागात पोचेपर्यंत जुनी चप्पल झिजावी. माल कंपनीकडून ज्या भावाने येई त्याहून फारसा वर विकला जात नसे. मग एवढे दिवे, एवढी थंड हवा आणि एवढे नोकर चालतात कशावर, हा प्रश्न गावातल्या प्रत्येक किराणा व्यापाऱ्याने एकदा तरी कपाळाला हात लावून विचारला होता.

सुकुमाररावांना तो पडला नव्हता. मोजणी खात्यातून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या टेबलावर एकाच बांधाचे चार नकाशे होते आणि चारही त्यांना थोडेथोडे बरोबर वाटत होते. लग्नाआधी त्यांनी सात मुली पाहिल्या आणि सातही घरी "बघू" म्हणून सांगितलं. सातवी त्रिशला. तिने पोह्यांची बशी त्यांच्या हातात देतानाच, "मला पसंत आहे, तारीख काढा," असं आपल्या वडिलांना सांगून टाकलं आणि सुकुमाररावांची सुटका झाली. तेव्हापासून घर कुठे बांधायचं, मुलीचं नाव काय ठेवायचं, आमटीला फोडणी कसली, हे सगळं त्रिशलाबाईच ठरवत आल्या. पस्तीस वर्षं त्या नवऱ्याला ऐकवत होत्या, "तुमच्या डोक्यात घड्याळाचा लंबक बसवलाय." आता त्याच लंबकावर घर चालायला लागलं. तेल, तूप, साबण, चादरी, सगळ्याची खरेदी त्यांनी नवऱ्यावर सोपवली आणि डब्यात चिवडा बांधून त्या त्याला सकाळी नऊला 'सर्वस्व'मध्ये पाठवू लागल्या.

महिन्याभराने सुकुमाररावांना वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. आपल्या हातून काही फुटलं असणार, या विचाराने ते घाबरतच जिना चढले. तिथे डॉ. नसीमा मुल्लाणी नावाच्या चाळिशीच्या बाई होत्या. त्या मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "काका, चहा घेणार की कॉफी?"

सुकुमाररावांच्या कपाळावर घाम आला. डॉक्टरीणबाई टेबलावरच्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि भारावल्यासारख्या पुटपुटल्या, "कमाल आहे!"

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"तुमचं? तुम्ही आमच्या बत्तीस दुकानांमधले पहिल्या नंबरचे गिऱ्हाईक आहात." त्यांनी दोन्ही पेयं मागवली आणि समजावून सांगायला सुरुवात केली. "माणूस दोन वस्तूंमधून एक निवडतो, तेव्हा मेंदूत दोन बाजू आपापलं वजन गोळा करत असतात. या साबणाचा वास छान, त्या साबणाचा रंग छान. ज्या बाजूचं वजन आधी पुरेसं होतं, त्या बाजूला हात जातो. बहुतेकांच्या बाबतीत हे डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. पण कधीकधी दोन्ही पारडी अगदी बरोबरीला येऊन झुलत राहतात. त्याला आम्ही दोलन म्हणतो. मेंदूतून येणाऱ्या बारीक चुंबकीय लहरींमध्ये ते दिसतं. छताला जे गोल दिवे आहेत ना, त्यांत दोलनमापक बसवलेत."

"पण माझ्या झुलण्यात तुमचा काय फायदा?"

"तोच तर आमचा धंदा आहे. पूर्वी मोठी दुकानंसुद्धा नुसत्या माल विकण्यावर चालत नसत. आपला माल डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवावा म्हणून कंपन्या दुकानदाराला पैसे मोजायच्या. आम्ही फळी विकत नाही, क्षण विकतो. तुमची पारडी बरोबरीला आली, की दोन्ही साबणवाल्यांची यंत्रं त्या क्षणावर बोली लावतात. जिंकणाऱ्याला एक टिचकी मारायला मिळते."

"टिचकी?" सुकुमाररावांनी नकळत डोक्याला हात लावला.

डॉ. मुल्लाणी हसल्या. "लागत नाही हो! दिवा किंचित उजळतो, चंदनाची झुळूक येते, लांबून एखादं जुनं गाणं ऐकू येतं. पारडी समान असली, की तेवढंही पुरतं. ठाम माणसाला टिचकी लागू पडत नाही. तुमच्या मिसेसकडून आम्हाला छदाम मिळत नाही, म्हणून त्या पूर्ण भाव देतात. तुम्ही मात्र एका टूथपेस्टमागे आम्हाला चाळीस क्षण विकायला देता."

मग त्यांनी कागद पुढे सरकवला. 'सर्वस्व'ने सुकुमाररावांना 'महादोलक' हा हुद्दा देऊ केला होता. रोज यायचं, मनापासून घोळ घालायचा, घरचं सगळं सामान फुकट. अट एकच: बाहेरही शक्यतो कसला निर्णय घ्यायचा नाही. "निर्णय हा व्यायाम आहे, काका. करत गेलं की अंगात ताकद येते."

सही करावी की नाही, हे सुकुमाररावांचं नऊ दिवस ठरेना. त्या नऊ दिवसांत 'सर्वस्व'ने एवढे क्षण विकले की डॉ. मुल्लाणींना बढती मिळाली. शेवटी त्रिशलाबाईंनीच त्यांचा हात धरून सही करून घेतली. "मी ज्याला खोड म्हणत होते, त्याला दुकानवाल्यांनी हुद्दा दिला," असं त्या शेजारणींना सांगत, आणि त्यात थोडा अभिमानही असे.

गावात सुकुमाररावांचा मान वाढला. एका निवृत्त नाट्यशिक्षकाने 'डळमळ वर्ग' काढले. तिथे लोक हनुवटीला बोट लावून "हे की ते" म्हणायचा सराव करत, आणि दोलनमापक त्यांना सरळ पूर्ण भाव लावी. सुकुमारराव मात्र छातीवर महादोलकाचा बिल्ला लावून दुकानाच्या गल्लीगल्लीतून हिंडत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या "बघू"ला कोणी हसत नव्हतं.

आणि तेवढ्यात भोपाळला त्यांच्या राजमतीला जुळं झालं.

"आई-बाबा, इकडेच या राहायला, कायमचे," ती फोनवर म्हणाली. तिचा नवरा पंधरा-पंधरा दिवस फिरतीवर असे आणि दोन लेकरं एकटीला आवरत नव्हती. त्रिशलाबाईंनी तो फोन चालू असतानाच होकार दिला. सुकुमारराव म्हणाले, "बघू." नातवंडांच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून येत आणि बिल्ल्याकडे पाहिलं की पाय अडखळत. इथे आपण कोणीतरी आहोत. तिथे पुन्हा चहा की कॉफी यावरून जावई तोंड लपवून हसेल. असे चार महिने गेले. नातवंडं पालथी पडायला लागली.

एका मंगळवारी दुपारी सुकुमारराव बिस्किटांच्या गल्लीत उभे होते. समोरून त्रिशलाबाई आल्या. नेसलेलं लुगडं इस्त्रीचं, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात तिकिटं.

"साडेचारची गाडी आहे. घराची किल्ली शेजारी दिलीय. तुमचे कपडे ह्यात भरलेत. येणार असाल तर चला. नाहीतर मी एकटी जाते, आणि मग मागून या म्हणून फोन करणार नाही."

"अगं, इथं? असं एकदम?"

"एकदम? चार महिने झाले!" त्रिशलाबाईंचा आवाज चिरकला. "पस्तीस वर्षं तुमच्या वाटचं मी ठरवलं. हे एक मी ठरवणार नाही. मला न्यायचं ओझं नकोय, सोबत हवीय. तुम्ही सांगा."

सुकुमाररावांनी बायकोकडे पाहिलं, मग ट्रॉलीकडे, मग पुन्हा बायकोकडे. गल्लीच्या टोकाला महादोलकाचा आकडा दाखवणारा पडदा होता. साबणाला तो साठावर जाई, चादरींना सत्तरवर. आता तो शंभरावर जाऊन थबकला. माणसं जमली. कोणी म्हणालं, "काका, जावा की!" दुसरं कोणी म्हणालं, "गप बसा, त्यांना विचार करू द्या." पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्रिशलाबाई हलल्या नाहीत. त्यांची मान ताठ होती.

अकराव्या मिनिटाला सुकुमाररावांनी ट्रॉली बाजूला सारली, छातीवरचा बिल्ला काढून बिस्किटांच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, "चल. येतो मी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्रिशलाबाईंना कोणी रडताना पाहिलं नव्हतं, त्या पदरात तोंड घालून हमसून हमसून रडल्या. सुकुमाररावांनी बॅग उचलली. ती जड होती, पण ती उचलून चालताना आपण सहा इंच उंच झालो आहोत असं त्यांना वाटत होतं.

दारापाशी डॉ. मुल्लाणी धावत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्रिशलाबाई रिक्षा थांबवायला पुढे गेल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मला हे सांगायची परवानगी नाही. पण तुम्हाला न सांगता जाऊ दिलं तर मला झोप लागणार नाही. मघाचा तो क्षण... विकला गेला."

"कुठला क्षण?"

"तुम्ही चल म्हणालात, त्याच्या जरा आधीचा. यंत्राला साबण काय आणि संसार काय, सारखंच. पारडी बरोबरीला आली, त्याने क्षण बोलीला काढला. तुम्ही राहावं म्हणून 'सर्वस्व'ने स्वतःच बोली लावली होती. दुसऱ्या कोणीतरी जास्त लावली."

"कोणी?"

"ते मलाही दिसत नाही. रेल्वे असेल, बाळांचे लंगोट विकणारी एखादी कंपनी असेल, भोपाळचा कोणी घरदलाल असेल."

सुकुमाररावांनी बॅग खाली ठेवली. "आणि टिचकी? ती कसली होती?"

"तुमच्या मिसेसच्या डोक्यावरचा दिवा," डॉ. मुल्लाणी खाली बघत म्हणाल्या. "एक सेकंदभर पिवळा झाला."

गाडी वेळेवर सुटली. मिरज मागे पडेपर्यंत सुकुमारराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांना तो सेकंद स्वच्छ आठवत होता. त्रिशलाचा चेहरा एकाएकी कोवळा झाला होता, पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या मुलीसारखा, आणि आतून कोणीतरी म्हणालं होतं, हिच्याशिवाय आपण कुठे राहणार? ते म्हणणारं कोण होतं?

बायकोपासून काही लपवायचं म्हटलं तरी काय लपवायचं, हे त्यांना ठरवता आलं नसतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

त्रिशलाबाईंनी डबा उघडला. दोन दशम्या काढल्या, एक त्यांच्या हातात दिली.

"कोणी का ढकललं असेना, आलात ना? देवळात गेलं तरी घंटेचा आवाज, उदबत्तीचा वास असतोच की. म्हणून काय हात जोडलेले खोटे?"

सुकुमाररावांना केवढं तरी हायसं वाटलं. ते दशमीचा घास घेणार, एवढ्यात त्रिशलाबाई डब्याचं झाकण लावता लावता थांबल्या.

"अहो, पण एक सांगा," त्या म्हणाल्या. "तो दिवा पिवळा व्हायच्या आधी दहा मिनिटं मी तुमच्यासमोर उभी होते. तेव्हा कशी दिसत होते?"

सुकुमाररावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. गाडीने नदीचा पूल ओलांडला, पुढचं स्टेशनही गेलं. त्रिशलाबाई झाकण हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या.