अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या

पोर्थवेलच्या दवाखान्याच्या भिंतीला टपालपेटीसारखी एक पितळी फट आहे. त्या फटीत चिठ्ठी टाकायची, दोन दिवस गप्प बसायचं आणि तिसऱ्या दिवशी उतारावरच्या औषधांच्या दुकानातून पिशवी उचलायची, ही गावातल्या म्हाताऱ्यांची पद्धत. चिठ्ठी म्हणजे मागच्या खेपेच्या कागदाचा फाडून घेतलेला उजवा भाग. त्यावर औषधांची नावं छापलेली असतात, प्रत्येकासमोर एक चौकोन. हवं त्यावर खूण करायची. कॉर्नवॉलच्या या किनाऱ्यावर माणसं चर्चला उशिरा जातील, चिठ्ठी टाकायला उशिरा जाणार नाहीत.

डेन्झिल पेनबर्थी तर खूणही पट्टी धरून करायचा. तीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली होती आणि तीस वर्षांत ती एकदाच चार मिनिटं उशिरा पोचली होती. त्याबद्दल तो अजून लोकांची माफी मागत असे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, लव्हडेला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि झटका जाता जाता आकड्या मागे ठेवून गेला. तेव्हापासून वरच्या खोलीतल्या पलंगावरून ती उठली नव्हती. सकाळ-संध्याकाळ एकेक पांढरी गोळी दिली की आकडी लांब राहायची. "दोन गोळ्या चुकल्या तर येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आणि पुढची मोठी आली, तर ती शेवटची असेल." गोळी अशी, की सरकार तिच्यावर डोळा ठेवून असतं. अठ्ठावीस दिवसांच्या वर एकही मिळत नाही, आणि जो नेईल त्यानं कागदाच्या पाठीवर सही करायची.

ईस्टरच्या आठवड्यातल्या मंगळवारी घरात तीन गोळ्या उरल्या होत्या. शुक्रवारपासून चार दिवस सगळं बंद. डेन्झिल पिशवी उचलायला दुकानात गेला.

"पिशवी गेली की, काका," दुकानदार हॉकिन म्हणाला.

"कुणी नेली?"

"काकूंनीच. सकाळी आल्या होत्या."

डेन्झिल हसला. हा हॉकिन लहानपणी बसच्या मागच्या बाकावर बसून असलेच चावट विनोद करायचा. "ती पायऱ्या उतरली तर मी तुझ्या दुकानात नाचेन."

"मग नाचा. निळा रेनकोट होता. मला म्हणाल्या, तुझ्या बरण्यांवर बोटभर धूळ आहे, आई असती तर कान उपटला असता."

डेन्झिलचं हसू तिथंच विरलं. लव्हडे अगदी असंच म्हणाली असती. हॉकिननं कागद उलटा करून दाखवला. सही तिची होती. एकेचाळीस वर्षं वाढदिवसाच्या कार्डांवर त्यानं ती पाहिली होती.

घरी लव्हडे छताकडे बघत पडली होती. निळा रेनकोट त्यानं मागच्या हिवाळ्यातच धर्मादाय दुकानात देऊन टाकला होता. तरी त्यानं कपाट उघडून पाहिलं. मग, स्वतःचीच लाज वाटत, तिच्या पायांच्या तळव्यांना हात लावला. ते मऊ होते, बाळासारखे.

दवाखान्यात काउंटरवर मिसेस ट्रेगिअर बसायच्या. त्या सगळ्या गावाला 'राजा' म्हणत, नाही म्हणतानासुद्धा.

"अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय कॉम्प्युटर मला पुढे जाऊच देत नाही, राजा."

"मग कॉम्प्युटरला माझ्या घरी पाठवा. आकडी आली की तोच धरेल तिला."

मिसेस ट्रेगिअरनी खुर्ची मागे सारली. मग उठून आत गेल्या आणि डॉक्टरीणबाईंकडून सात दिवसांच्या गोळ्या मंजूर करून आल्या. "उद्या दुपारी दुकानातून घे. आणि जेव रे काहीतरी."

बुधवारी दुपारी हॉकिननं त्याला बघितलं आणि हातातली बरणी खाली ठेवली.

"काका, दहा मिनिटं झाली."

"तू दिल्यास?"

"त्यांच्याच नावाच्या होत्या. मी काय म्हणू त्यांना? घाईत होत्या. हात थरथरत होते. काउंटरला धरून उभ्या होत्या."

त्या संध्याकाळी डेन्झिलनं उरलेली शेवटची गोळी सुरीनं अर्धी केली. दुसरा अर्धा भाग गुरुवारी सकाळी संपला.

नऊ वाजता तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीत होता. त्यानं काही समजावून सांगितलं नाही. तो नुसता म्हणाला, "माझ्या हातात द्या. भिंतीतून नको, कॉम्प्युटरमधून नको. माझ्या हातात." हे तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला, तेव्हा बाईंनी कागद लिहून दिला.

दुकानात दोन्ही तळवे काउंटरवर टेकून तो उभा राहिला. हॉकिन गोळ्या मोजत होता.

मागं दाराची घंटा वाजली.

पावलं आली. एक नीट, एक फरफटत. त्याच्या पाठीशी थांबली.

"डेन्झिल," मागून आवाज आला. "मला हव्यात रे त्या."

तो वळला नाही. हॉकिन त्याच्या खांद्यावरून मागं बघत होता आणि त्याच्या ओठांचा रंग गेला होता. डेन्झिलनं सही केली, पिशवी उचलली आणि काउंटरची फळी वर करून कोठीच्या दारानं बाहेर पडला.

चढ त्यानं धावत काढला. वर पोचला तेव्हा लव्हडेच्या ओठाचा कोपरा उडायला लागला होता, पलंग करकरत होता. त्यानं गोळी कस्टर्डमध्ये कुस्करून भरवली. ती गिळली गेली. पलंग हळूहळू शांत झाला. डेन्झिल जमिनीवर बसला, तिचा हात हातात घेऊन, आणि बऱ्याच दिवसांनी रडला.

मग खाली दार वाजलं.

ती थाप नव्हती. लाकडावर टाचा आपटत होत्या. दोन भरभर, एक सावकाश. लव्हडेच्या आकडीचा हा ताल त्याला पाठ होता.

तो उठला.

"उघडू नकोस," लव्हडे म्हणाली.

स्पष्ट. सबंध. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. खालच्या टाचा मंदावल्या. मधलं अंतर वाढत गेलं.

"बस इथे," ती म्हणाली. "पुढची चिठ्ठी काढ."

त्यानं पिशवीतला कागद काढला, उजवा भाग फाडला आणि गुडघ्यावर धरला. पेन टेकत नव्हतं.

खालचा आवाज थांबला.

लव्हडेनं दोन वर्षं लुळा पडलेला उजवा हात पुढे केला, त्याच्या बोटांतून पेन सोडवून घेतलं आणि स्वतःच खूण केली.