मुळं दिसली की सांगा

“सगळ्यात कसदार माती कुठली आहे तुमच्याकडे?” असं मी विचारलं, आणि तो हसला.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझ्या एका हातात बोगनवेलीच्या ताज्या काड्यांची जुडी होती, दुसऱ्या हातात पिशवी... आणि पिशवीत आधीच्या काड्या, खालून कुजून काळ्या पडलेल्या. तो रोपवाटिकेतल्या तुषारांच्या शेडमधून बाहेर येत होता, मी न बघता आत शिरत होते, आणि दारातच आमची टक्कर होता होता राहिली. बाहेर रणरणतं ऊन, आणि हा माणूस भर पावसातून आल्यासारखा. केसांवर, भुवयांवर, शर्टाच्या खांद्यांवर बारीक थेंब.

त्याने पिशवीत डोकावून वास घेतला आणि या कशात लावल्या होत्या, असं विचारलं. मी सांगितलं, खतात. बाबांनी घरी केलेलं, चांगलं मुरलेलं खत.

“खत झकास आहे,” तो म्हणाला. “पण या बिचाऱ्यांना अजून तोंडच फुटलेलं नाही, आणि तुम्ही पुढ्यात ताट वाढून ठेवलंत.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी तिथूनच माघारी फिरले असते. बाबांच्या कशाहीबद्दल कुणी चकार शब्द काढलेला त्या दिवसांत मला खपत नव्हता. पण त्याने त्या कुजक्या काड्या फेकल्या नाहीत. हातात धरून विचारलं, बाबा काय म्हणतात यावर. मी म्हटलं, बाबा आता नाहीत. त्याने माझ्या हातातली नवी जुडी घेऊन ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सावलीत ठेवली.

आम्ही या भाड्याच्या घरात आलो तेव्हा बाबांनी फाटकाशी ही वेल लावली होती. पिकल्या जर्दाळूचा रंग. तसा रंग त्याच्या रोपवाटिकेत नव्हता, मी पालथ्या घातलेल्या इतर कुठल्याही रोपवाटिकेत नव्हता. आता मालकांना कुंपणाची भिंत पाडून फाटक रुंद करायचं होतं आणि घरही परत हवं होतं. माणूस भला होता, सगळं नीट सांगून, मुदत देऊन. आत्या आणि मी दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होतो. तिथे गॅलरी होती, चांगलं ऊन होतं. पण वेलीचं खोड भिंतीच्या पायाखाली घुसलेलं, ते उचलणं शक्य नव्हतं. बाबांची वेल न्यायची तर काड्यांमधूनच न्यायला हवी होती, आणि काड्यांना मुळं फुटायला हवी होती. फुटत नव्हती.

फुटतील कशी? मी रोज सकाळी त्या उपटून बघत होते. हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं नाही.

बाबा गेल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते, घरीच. एक पान झालं की उठायचे, चहा ठेवायचे, तो उतू जाईपर्यंत फाटकाशी जाऊन यायचे. आत्या म्हणायची, तुझ्या पायांना चाकं बसवली असती तर निदान फरशी तरी झिजली नसती.

त्या रोपवाटिकेची मालकीण सगळ्यांची मावशी होती आणि तो तिचा खराखुरा भाचा. त्यामुळे गिऱ्हाइकंही त्याला भाचा म्हणूनच हाक मारायची. जगाचा भाचा आहे मी, तो म्हणाला, कुणीही कान पिळावा.

शेडमधल्या लांब टेबलावर त्याने माझ्यासमोर ढीग मांडले. धुतलेली जाड वाळू. नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला सगळे कोकोपीट म्हणतात. आणि परलाइट, थर्माकोलसारखे पांढरे, बिनवजनी खडे. काडीला सुरुवातीला खायला काही नको, तो सांगत होता. ओल हवी, हवा हवी, आणि स्वच्छता. त्याने भुसा आणि खडे निम्मे निम्मे कालवले, पाणी शिंपडलं आणि ओंजळभर माझ्या हातात दिलं. मूठ आवळा, म्हणाला. मी आवळली. पाण्याची धार मनगटावरून कोपरापर्यंत गेली.

“फार ओलं,” तो म्हणाला. आणखी पांढरे खडे घातले आणि या वेळी माझ्या मुठीवर स्वतःचा पंजा ठेवून आवळलं... अंगठ्याखालून एक थेंब आला, तिथेच लोंबकळला. “हं. असा थेंब हवा. धार नको.”

मी थेंबाकडे बघत राहिले. हात त्याने काढला, पण लगेच नाही.

पलीकडे मावशी बियांच्या ट्रेसाठी तोच भुसा बारीक चाळत होत्या. त्या चाळता चाळताच बोलल्या. हा पोरगा त्या पांढऱ्या खड्यांच्या प्रेमात पडलाय. जन्मभर आम्ही वाळूत काड्या लावल्या, त्या वाळूने याचं काय घोडं मारलंय? तो म्हणाला, वाळू पटकन सुकते. मावशी म्हणाल्या, माणसाचं लक्ष असेल तर नाही सुकत.

शेवटी निम्म्या काड्या मावशींच्या वाळूत गेल्या, निम्म्या त्याच्या मिश्रणात. सगळ्या प्लास्टिकच्या पारदर्शक पेल्यांत, आणि पेल्यांना काळ्या कागदाचं आवरण, कारण मुळांना उजेड आवडत नाही. तुषार हवेत म्हणून पेले शेडमध्येच राहणार होते. त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही उपटून बघता ना?”

मी कबूल केलं.

“बोगनवेलीची मुळं काचेसारखी. हात लागला की तुटली. तर असं करू. तुम्ही रोज या, मी कागद वर करीन, तुम्ही नुसतं बघायचं. मुळं दिसली की सांगा.”

आणि मी रोज जाऊ लागले. कधी सकाळी, कधी ऊन कलल्यावर. कागद वर, दोन डोकी पेल्याशी, कागद खाली. एवढंच. पण तेवढ्यासाठी मी वाट वाकडी करून, कपडे बदलून जायचे. तो मला घाईबाई म्हणू लागला. मी म्हटलं, मी चुका शोधते, तेच माझं काम आहे. तो म्हणाला, मग माझ्यात काय सापडल्या? मी म्हटलं, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात आहे, बाकी तपासून सांगते. त्याने खाली पाहिलं, कान लाल झाले, आणि मावशी तिकडे तोंडावर पदर घेऊन हसल्या.

एकदा तो गिऱ्हाइकाकडे गेला असताना माझ्याने राहवलं नाही. वाळूतली एक काडी मी दोन बोटांत धरून अगदी हलकेच... टक. इतका बारीक आवाज, तरी मला ऐकू आला. काडी वर आली, तिच्या टोकाशी तुटलेला पांढरा ठिपका.

तो आला, काडी हातात घेऊन बघितली. चिडा तरी, मी म्हटलं. तो म्हणाला, चिडून काय करू, मीही असंच केलं होतं, मावशीने आठवडाभर अबोला धरला होता. मग त्याने माझ्या हातात मावशींची चाळणी दिली. हातांना काम असलं की ते भलतीकडे जात नाहीत, म्हणाला. त्या दिवसापासून मी तिथे गेले की बियांसाठी भुसा चाळायचे, आणि तो समोर रोपांच्या कुंड्या बदलत बसायचा, आणि आम्ही बोलायचो. बाबा कडू कॉफी प्यायचे आणि आत्यापासून साखर लपवायचे, इथपर्यंत मी त्याला सांगितलं. हे मी इतर कुणाला सांगितलं नव्हतं.

असेच आम्ही एका टळटळीत दुपारी झाडाखालच्या बाकावर बोलत बसलो होतो. तुषारांचा पंप बंद पडला होता आणि आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. मावशी बाहेरून आल्या तोवर वाळू खडखडीत झाली होती आणि तिच्यातल्या साऱ्या काड्या माना टाकून होत्या.

“गप्पांनी झाडं भिजत नाहीत,” मावशी एवढंच म्हणाल्या.

त्याला माझ्याकडे बघवेना. मीच त्याची समजूत घातली, वेल अजून आहे, उद्या नव्या काड्या आणते. त्याने मान हलवली. जाताना मी मागे वळून पाहिलं तर तो तसाच पंपाशी उकिडवा बसला होता, हातात पाना, काहीच न करता.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार ठरल्यापेक्षा आधी आला. मी मुद्रितं पोचवायला गेले होते. परतले तेव्हा भिंत नव्हती, फाटक नव्हतं, वेल नव्हती. फांद्यासुद्धा भिंतीच्या राबिटाबरोबर गाडीतून गेल्या होत्या. आत्या पायरीवर बसली होती. धावले गं मी, म्हणाली, पण गाडी वळणावर गेली होती. तिच्या चपला दोन पायांत दोन वेगवेगळ्या होत्या. आम्ही दोघी बराच वेळ उघड्यावर तशाच बसलो. रस्त्यावरून जाणारे थेट घरात बघत होते.

मिश्रणातल्या काड्याही त्याच सुमारास एकेक करून काळ्या पडल्या. भुशात ओल जरा जास्तच राहिली, माझाच अंदाज चुकला, असं त्याने सरळ सांगितलं. हिरवी उरली एक. एकच पेला.

आता गंमत अशी की मला बघायची भीती वाटू लागली. कागद वर झाला की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे, मग पेल्याकडे. नाही, तो म्हणायचा. नाही, मीही म्हणायचे.

आणि मग एका दुपारी तो टेम्पोतून कुंड्या उतरवत असताना मी एकटीनेच कागद वर केला... काडीला हात लावला नाही, शपथ. प्लास्टिकला चिकटून एक पांढरा दोरा खाली गेला होता. शिवायच्या दोऱ्याइतका जाड, टोक काचेसारखं. मी हाक मारायला तोंड उघडलं. बाबा... असंच काहीतरी आधी ओठांवर आलं. आणि मग डोक्यात आलं, मुळं फुटली म्हणजे कुंडीत जाणार, कुंडी घरी जाणार. उद्यापासून इथे यायचं कशाला?

मी कागद खाली केला.

तो हात झटकत आला. काही? अजून नाही, मी म्हटलं. त्याने पेला उचलला, आपल्या बाजूने कागद वर केला, पाहिलं. पाहतच राहिला. मग म्हणाला, “नाही.” मला वाटलं, दोरा माझ्याच बाजूला आहे, त्याला दिसला नसेल.

पुढचे दिवस मी धड घरात नव्हते, धड तिथे नव्हते. आम्ही नव्या घरी गेलो. खोकी उघडली, पुन्हा बांधली. मुद्रितात ढोबळ चुका राहू लागल्या, प्रकाशकाचा फोन आला. आत्या गॅलरीत कपडे वाळत घालत म्हणाली, काडीला मूळ नाही म्हणतेस, मग गुणगुणतेस काय? आणि थोड्या वेळाने, त्या भाच्याला आईवडील आहेत, की मी मावशीशीच बोलू? मी तिला चिमटे संपले का विचारलं. संपले नव्हते.

मग पेल्यातल्या काडीचं एक पान पिवळं पडलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आणि मला त्यानेच सांगितलेलं सगळं समजत होतं: त्या मिश्रणात खायला काही नाही. तोंड फुटलं होतं आणि पुढ्यात रिकामं ताट. बाबांची सबंध वेल त्या एका काडीत उरली होती आणि मी तिला उपाशी ठेवलं होतं, कशासाठी, तर मला रोज एका ओल्या शर्टाच्या माणसासमोर बसायचं होतं म्हणून. त्या विचाराने माझीच मला लाज वाटली. सकाळी मी चहासुद्धा न घेता निघाले.

शेडमध्ये तो पेला समोर ठेवून उभा होता. मी बोलणार तेवढ्यात मावशी आल्या, पिवळं पान पाहिलं, आणि कागद सरळ ओढून काढला.

पेल्याच्या तळाशी मुळांनी वेढे घातले होते. एकावर एक, पांढरे, दाट. भुसा जेमतेम दिसत होता.

“ही काही आजची मुळं नव्हेत,” मावशी म्हणाल्या. “रोज दोघं डोळे लावून बसत होता ना?”

तुषारांचा सूं सूं आवाज.

“मला दिसलं होतं,” मी म्हटलं.

“मलाही,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले. तो पेल्याकडे बघत होता. मावशींनी एकदा त्याला पाहिलं, एकदा मला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. “म्हणजे झाड उपाशी,” त्या म्हणाल्या, “आणि तुमची दोघांची पोटं भरलेली. छान.” मग चाळणी उचलून त्या बाहेर गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. ते दार एरवी कधी लावत नसत.

त्याने कुंडी भरली. मग कात्रीने पेला उभा चिरला, ओढलं तर मुळं तुटली असती, आणि मला दोन्ही हात पुढे करायला सांगितलं. मुळांचा तो ओला गोळा माझ्या ओंजळीत उतरला. हलका होता. बोटांतून एक थेंब गळला.

“हलू नका,” तो म्हणाला.

“नाही हलत.”

“मी किती दिवस म्हणतोय, ही बाई एका जागी उभी राहील तेव्हा सांगीन...” तो थांबला. सगळ्या गिऱ्हाइकांशी घडाघडा बोलणारा माणूस, आणि आता कात्री या हातातून त्या हातात. “पहिल्या दिवशी दिसलं ना मूळ, तेव्हा आधी आनंद झाला. मग वाटलं, आता ही जाणार. फार वाईट केलं मी. तुमच्या बाबांचं झाड होतं.”

“मीही तेच केलं.”

“पण मला तुम्ही इथे हव्या आहात. झाड नसतानाही. रोज.”

मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. बाबांच्या जाण्यानंतर मी कुणासमोर रडले नव्हते. त्याने आपली बाही पुढे केली, ओली होती ती, काही उपयोग झाला नाही, आणि आम्ही दोघंही हसलो.

“कुंडी धर आधी,” मी म्हटलं. “मला हात मोकळे हवेत.”

त्याने इतक्या झटक्यात कुंडी पुढे केली की अर्धी माती टेबलावर सांडली. मी रोप सावकाश आत ठेवलं, भोवतीने माती लोटली, बोटांनी दाबली नाही. आणि मग हात न पुसताच त्याचा हात धरला.