भाबीनं न ऐकलेलं

काकणांचं दुकान हाय आमचं, भवानी मंडपाच्या मागल्या बोळात. दोघी जावा बसतो. पण गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल, "शबनूर न्हाय व्हय?" मग मी काय शोकेसमधली बाहुली हाय? माझ्या हातनंबी एक काकण पिचत न्हाय. पण बायका हात देणार थोरल्या भाबीला, आणि हात दिला की मनातलं सगळं ओतणार. भाबी नुसती "हूं" म्हणणार. जळायची मी. लपवायचं काय त्यात.

सासूबाई म्हणायच्या, "फरहीन, तू ऐकत न्हाईस. तुझं ध्यान मोबाइलात."

त्या दुपारी भाबी जेवायला घरी गेलती. डोईवरनं पदर घेतलेली एक बाई येऊन बसली, म्हणाली, मी फुलेवाडीची तेजस्वी. हात पुढं केला. कोपरापर्यंत हिरवा चुडा, नवाकोरा.

"काढायचाय," म्हणाली. "शबनूरताईंनी भरला... मी बोलत होते, त्यांनी ऐकलंच न्हाय."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मोबाइल पालथा ठेवला, तिचा हात धरला. गारठलेला, ताठ. "मला सांगा की," म्हटलं.

ती हळू बोलत राहिली... सासरचं. तापाचं निमित्त. दुधाचा पेला, कडू लागलेला... मी भाबीगत "हूं" म्हणायची. दर हूंला एक काकण आपसूक निघून यायचं. शेवटचं निघालं तशी ती उठली.

"उरलेलं उद्या सांगते..."

ओल्या हळदीचा वास तेवढा मागं राहिला.

भाबी आली आणि तिनं तो चुडा उचलून उजेडात धरला. कुणाचा म्हणून विचारलं, मी तोऱ्यात नाव सांगितलं.

"फरहीन... परवा तुला सांगितलं की गं. अहेव मेली बिचारी, तिरडीवर तिला चुडा भरून आले. भरताना माझ्या कानाशी कायतरी पुटपुटत होती. मी हूं म्हटलं न्हाय. भ्याले."

सांगितलं असंल. मी मोबाइल बघत असणार.

दोन महिने झाले. आता बायका मलाच विचारत येतात. फरहीन किती शांत ऐकते, म्हणतात. सासूबाईंनी पुढची गादी मला दिली. भाबी मागं बसून निवांत काकणं पुसते, आणि मला पुन्हा तिचाच हेवा वाटतो.

तेजस्वीचं सांगणं अजून संपलं न्हाय. पेला कुणी दिला, तिथवर ती आलीच न्हाय. काकण भरायला दोन्ही हात लागतात, पण मी एकाच हातानं भरते. डावा कुणीतरी धरलेला असतो.