डावीकडून दीड इंच

फ्रेमच्या धंद्यात एकतीस वर्षं काढली की माणसाला कशाचं नवल वाटेनासं होतं. एकाने माझ्याकडे मुलाचे पडलेले दुधाचे दात आणले होते. तोंडात होते त्याच ओळीने लावून हवे होते. एका गृहस्थांना नुसती रिकामी फ्रेम हवी होती, भिंतीला गेलेल्या भेगेभोवती लावायला. आमची ही म्हणाली, भेग बुजवणं सोपं पडलं असतं. म्हटलं, गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. त्यामुळे त्या दुपारी एक बाई फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, यातला एक माणूस झाकायचाय," तेव्हा मी मान वरही केली नाही. भावाभावांत वाजलं, लग्न मोडलं, की फोटोतली माणसं माझ्याकडेच येतात झाकून घ्यायला.

फोटो साधा होता. दगडी पायऱ्यांवर या बाई बसलेल्या. त्यांच्यापासून हातभर अंतरावर, फोटोत डावीकडे, चारेक वर्षांची मुलगी. गुडघ्यांवर हात, आणि दातांच्या फटी दाखवत हसू. अगदी डाव्या कडेला एक माणूस उभा होता, निम्मा फोटोच्या बाहेर. राखाडी सदरा, खाली सोडलेला एक हात. मायलेकी बसलेल्या आणि हा उभा, त्यामुळे फोटो त्याच्या खांद्यापाशीच संपत होता. चेहरा आलाच नव्हता.

"कोण हो हा?"

"माहीत नाही. तेव्हा तिथे आम्ही दोघीच होतो. फोटो बिट्टीच्या बाबांनी काढला." त्यांनी फोटोवरची नसलेली धूळ पुसली. "ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी काढलेला हा शेवटचा. निगेटिव्ह घर बदलताना हरवली."

"मग जाता-येता कुणीतरी मध्ये आला असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण काका, आधी नव्हता."

दुःखात माणूस काहीबाही बोलतो. मी ते मनावर घेतलं नाही, कामाला लागलो.

आमच्यात एक नियम आहे. गिऱ्हाइकाचा फोटो कापायचा नाही, झाकायचा. फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठा बसतो, त्याला आम्ही माउंट म्हणतो. त्यात मधोमध खिडकी कापायची. खिडकीतून दिसेल तेवढाच फोटो, बाकीचा पुठ्ठ्याखाली सुखरूप. मी पट्टी लावली. माणूस दीड इंचात संपत होता, मुलीचा खांदा साडेतीन इंचांवर होता. मध्ये ऐसपैस जागा. पुठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलीने दोन्ही मापं लिहिली, डावीकडून दीड इंच झाकलं, फोटो टेपने पक्का केला आणि फ्रेम दिली.

आठ दिवसांनी बाई परत आल्या. खिडकीच्या डाव्या कडेला राखाडी बाही दिसत होती.

"फोटो घसरला असणार," मी म्हटलं. होतं असं, टेप सुटली की. फ्रेम उलटी करून खिळे काढले, मागचा पुठ्ठा उचलला. टेप जागच्या जागी होती. खिडकीही मी कापली तेवढीच होती. मात्र माणूस आता दोन इंचांपर्यंत आलेला होता.

आता याला काय म्हणायचं? मी म्हटलं, माझंच माप चुकलं. दोन महिन्यांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काच पुसता पुसता ही म्हणाली, "डॉक्टरने मोतीबिंदू काढला की डोळाच?" बाई हसल्या नाहीत. मला ओशाळल्यासारखं झालं. या वेळी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा हिला मोजायला लावलं, आणि सव्वादोन इंच झाकून दिले.

चार दिवसही गेले नाहीत. बाई आल्या त्या फ्रेम छातीशी धरून. आवाज अगदी खाली गेला होता.

"बिट्टी सारखी उजव्या खांद्यावरून हात फिरवते. काय होतंय विचारलं तर म्हणते... कुणीतरी धरतंय."

फोटोतली डावी बाजू ती तिची उजवी, हे समजायला मला क्षणभर लागलं. मग मी खिडकीत पाहिलं. तो माणूस पुन्हा कडेला उभा होता, निम्मा पुठ्ठ्याखाली, निम्मा बाहेर. त्याचा हात आता खाली सोडलेला नव्हता. मुलीच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर होता.

दुकानात सरसाचा वास असतो, तो मला एकतीस वर्षांत कधी जाणवला नव्हता. त्या दुपारी जाणवला. रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, पलीकडे कुणी शटर वर करत होतं, आणि आम्ही तिघं त्या हाताकडे बघत उभे होतो. मी घाबरलो होतो, हे कबूल करतो.

"आणखी झाकलंत तर..." बाई म्हणाल्या, "तर बिट्टीच झाकली जाईल. कापून टाका त्याला."

मी नियम बाजूला ठेवला आणि पातं उचललं. हिने माझं मनगट धरलं.

"थांबा हो. तो प्रत्येक वेळी कुठे उभा असतो? खिडकीच्या कडेला. तुम्ही कड आत नेता, तो आत येतो. आता कापलंत तर फोटोच तिथून सुरू होणार. मग कुठे उभा राहील?"

मी पाठीवरची मापं पाहिली. दीड, सव्वादोन. ही म्हणत होती ते खरं होतं. त्या माणसाला मुलीजवळ त्याच्या पायांनी नव्हे, माझ्या कटरने आणलं होतं. इतकी वर्षं हात साफ म्हणून मिरवलो, आणि हे असं. कुणावर चिडावं तेही कळेना.

मग उलटं केलं. आधीचा माउंट काढून टाकला. पांढऱ्या कोऱ्या पुठ्ठ्यावर फोटो अख्खा चिकटवला, चारही कडा मोकळ्या, आणि भोवती दोन-दोन इंच कोरी जागा राहील अशी मोठी खिडकी कापली. जा बाबा कडेला, किती लांब जायचं तेवढं जा.

बाई सहाव्या दिवशी आल्या. मी आधी डावीकडे पाहिलं. पायऱ्या होत्या, मागची भिंत होती, माणूस नव्हता. कोऱ्या पुठ्ठ्यावरही काही नव्हतं. मी हुश्श केलं. हिच्याकडे बघून म्हटलं, "जमलं बघ."

बाईंनी काचेवर बोट ठेवलं.

मुलगी हसत नव्हती. तिने तोंड डावीकडे वळवलं होतं, फोटोच्या बाहेर, जिथे तो उभा असायचा तिकडे. एक हात गुडघ्यावरून उचललेला होता. लहान मुलं कडेवर घ्या म्हणून हात करतात ना, तसा.

मी पट्टी काढली. खांदा साडेतीन इंचांवर होता, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आता तीन इंचांनाही एक सूत कमी भरत होता. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. तेवढी चूक माझ्या हातून डोळे झाकूनही होत नाही.

"घरी कशी आहे?" हिने विचारलं.

"खांद्याला हात लावत नाही आता. काही म्हणजे काही दुखत नाही." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण दाराकडे तोंड करून बसते. हाक मारली तर वळत नाही. आज सकाळी अंथरुणात नव्हती. फाटकाबाहेर सापडली... रस्त्याच्या अगदी कडेला. एक पाय खाली टाकलेला होता."

तो तिला ओढायला आला होता की धरून ठेवायला, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कळलेलं नाही.

"हिचे बाबा तर नव्हेत ते?" ही हळूच म्हणाली.

"नाही. त्यांचे हात मी ओळखते." बाईंनी पदराने डोळे पुसले. "कोण का असेना. काका, पुन्हा झाकून द्या."

"किती झाकू?"

"त्याचा हात... पोचेल इतकं."

मी नवा पुठ्ठा घेतला, कटरला पातं चढवलं. कापण्याआधी पुन्हा मोजायचं ही माझी सवय आहे, म्हणून पट्टी परत फोटोवर ठेवली.

मुलगी पावणेतीनवर आली होती.