तिरका काप

चादर उडाली ती थेट कुंपणापलीकडे.

वाऱ्याचा दोष नव्हता. दोरीवर चिमटेच नव्हते. मावशीच्या लाँड्रीच्या मागच्या अंगणात कमरेवर हात ठेवून ती चिमट्यांच्या रिकाम्या टोपलीकडे बघत राहिली. काल तर टोपली भरलेली होती. कुणाला विचारावं, शोधावं एवढा धीर तिच्यात कधीच नव्हता. म्हणून तर मावशी तिला घाईबाई म्हणायची. ती तशीच ओल्या पायांनी तारेखालून वाकून पलीकडे गेली.

पलीकडे नासपतीची नवी बाग होती. मागच्या वर्षी लावलेली झाडं, तिच्या खांद्याएवढी. त्यांच्यामध्ये बागेचा तरुण माळी तिची चादर दोन्ही हातांवर घेऊन उभा होता, झोपलेलं मूल घ्यावं तशी. माती लागू नये म्हणून कोपरं उंच धरलेली. आणि त्याच्या मागे, प्रत्येक झाडाला तिचे लाकडी चिमटे.

"हे आमचे आहेत," ती म्हणाली.

"हो. तुमच्या मावशींनी दिले."

"कधी?"

"काल. म्हणाल्या, परत न्यायला भाची येईल."

भाचीचे कान तापले. मावशीकडे नंतर बघू, असं ठरवून तिने विचारलं, झाडांना चिमटे कशाला? मग त्याने दाखवलं. नासपतीची कोवळी फांदी खोडाला बिलगून सरळ वर जाते. दिसायला छान दिसतं, पण अशी अरुंद बेचकी फळांचं ओझं पेलत नाही, भरल्या झाडाची उभी चिरते. म्हणून फांदी मऊ आहे तोवर तिच्या जरा वर खोडाला चिमटा लावायचा. चिमट्याची शेपटी फांदीला बाहेर रेटते, आणि बेचकी ऐसपैस होते.

"आत्ता थोडं अंतर ठेवलं," तो म्हणाला, "तर पुढे जन्मभर एकत्र राहतात."

"हे फांद्यांबद्दल ना?"

तो उत्तर द्यायला इतका वेळ घेत होता, की ती चादर घेऊन निघूनही आली.

दुसऱ्या दिवशी ती चिमटे परत आणायला गेली आणि आणखी चिमटे देऊन आली. तिसऱ्या दिवशीही तसंच. मावशी इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, चिमट्यांना पाय फुटलेत वाटतं. घाईबाईने ऐकलं नाही असं दाखवलं.

बागेत ती शिकत होती. कोणती फांदी ठेवायची, कोणती काढायची. काप कसा घ्यायचा. डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर, तिरका, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. तिचे पहिले काप उंदराने कुरतडल्यासारखे आले. तो हसला नाही, फक्त छाटलेल्या काड्यांची मोळी तिच्या हातात दिली. ती काड्या घरी न्यायची आणि कपड्यांना वाफ देऊन झाली की कापत बसायची. हळूहळू हात बसला.

एकच गोष्ट त्याने बजावून सांगितली होती. शेंड्याला हात लावायचा नाही. शेंडा म्हणजे घरातलं कर्तं माणूस. तो गेला की खालची प्रत्येक फांदी मी मी म्हणायला लागते.

मग एका सकाळी मावशीनेच बातमी दिली. बागेचं काम आवरत आलं होतं. माळ्याला टेकडीपलीकडच्या बागेतून बोलावणं आलं होतं, उद्या निघणार होता. पुढचं बागेचे म्हातारे मालक बघणार होते.

"जाणार म्हणे," तिने त्याला विचारलं.

"बोलावणं आलंय…"

"मग जा की."

त्याने एका फांदीला चिमटा लावला. तिला त्याच्याकडून एकच शब्द हवा होता, थांबू का — एवढाच. तो मागायला तिची जीभ रेटेना आणि द्यायला त्याची.

निघायच्या सकाळी तो पिशवी घेऊन बागेत शेवटची फेरी मारायला आला. ती कुंपणाजवळच्या झाडापाशी उभी होती, हनुवटी वर करून. हातात कात्री. झाडाला शेंडा नव्हता.

"चुकून कापला गेला."

तो वाकला. कापाकडे बघत राहिला… बघतच राहिला. ती बोलणी खायला तयार होती. पण त्याने पिशवी खाली ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की प्रकरण अवघड आहे. आता खालच्या डोळ्यातून नवा शेंडा उभा करायला हवा, बाकीच्यांना आवरायला हवं. निदान तीन वर्षं कुणीतरी रोज बघायला हवं. म्हाताऱ्या मालकांना ते जमायचं नाही. टेकडीपलीकडे त्याने त्याच दुपारी नाही म्हणून कळवलं.

संध्याकाळी मालक शर्ट न्यायला लाँड्रीत आले. घाईबाईने खालमानेने शेंड्याची माफी मागितली. म्हातारा हसायलाच लागला. अगं, एक काठी बांधायची, खालच्या फांद्यांना दोन चिमटे, झालं. अर्ध्या तासाचं काम, पोरी.

इस्त्री मावशीच्या हातात कोंबून आणि छाटणीची कात्री उचलून ती तारेखालून पलीकडे पोचली.

"अर्ध्या तासाचं काम होतं!"

"हो," तो म्हणाला.

"मग तीन वर्षं कुठून आली?"

त्याने तिचं बोट धरून शेंड्याच्या खुंटावर टेकवलं. "हे बघ. डोळ्याच्या जरा वर. तिरका. पाणी मागे उतरेल असा. इतका सुबक काप चुकून कुणाचाच बसत नाही… तुझाही नाही."

तुझाही. तुमचाही नव्हे. तिला तो शब्द आधी कळला, बाकीचं मागाहून.

"तू जाऊ नयेस असं वाटत होतं मला," ती म्हणाली.

"ते सकाळीच वाचलं मी. बोलायलाच संध्याकाळ झाली." तो थांबला. "मलाही जायचं नव्हतं. तीन वर्षांनीही नसेल."

"नाहीतर शेंडे कापायला झाडं पुष्कळ आहेत."

त्याने तिच्या दुसऱ्या हातातली कात्री हळूच काढून खिशात घातली. पहिला हात मात्र सोडला नाही.

कुंपणापलीकडून मावशीचा आवाज आला, "चिमटे मिळाले का गं, घाईबाई?"

"नाही अजून," ती म्हणाली. "वेळ लागेल."