सख्खा की मानलेला?

वाचनालयात भिंग एकच, आणि त्यावर हात पडले दोन. एक माझा, दुसरा… त्याचा.

"घ्या, तुम्हीच घ्या," तो म्हणाला. "माझं चष्म्याचं दुकान आहे. भिंग घरी विसरून आलो, शोभाच झाली माझी!"

मी हसले आणि तिथेच फसले. आपलं घराणं कसं शोधावं, हे शिकवणारा नवशिक्यांचा वर्ग दर रविवारी तिथे भरायचा. जुनी वर्तमानपत्रं, शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी कशा चाळायच्या ते ग्रंथपालबाई दाखवायच्या. "पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा," असं बजावायच्या. आम्ही दोघं मात्र पणजोबा सोडून एकमेकांचीच चौकशी करत बसायचो. मी दवाखान्यात एक्स-रे काढते हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या मनातलंही दिसत असेल…"

"फक्त हाडं दिसतात," मी म्हटलं. साफ खोटं! दिसत होतं सगळं.

मग एका रविवारी घरचे फोटो आणायचे होते. त्याने सायकलवाल्या मिशाळ माणसाचा फोटो टेबलावर ठेवला. तोच फोटो माझ्याही पिशवीत होता.

"हे माझे आजोबा," तो म्हणाला.

"हे… माझ्या बाबांचे मामा."

म्हणजे आम्ही नातलग? त्याचा चेहरा पडला. माझा तर आधीच पडला होता. मन जुळायला आणि हे मिशाळ मामा आडवे यायला एकच गाठ! व्हरांड्यात जाऊन मी आत्याला फोन लावला. तो शेजारी उभा राहून ऐकत होता.

"अगं, सख्खे कुठले!" आत्या हसली. "मानलेले. आईला भाऊ नव्हता आणि ते शेजारी राहायचे. मामा मामा करत आम्हीच त्यांच्या डोक्यावर बसायचो."

"नक्की? रक्ताचं नातं नाही?"

"नाही म्हणजे नाही! पण तुला एवढं हायसं का वाटतंय गं?"

तो फोनजवळ वाकला. "मलाही वाटतंय, आत्या."

"तू कोण रे? आणि आत्या कुणाला म्हणतोस? आत्ताच तर नातं तोडलं मी!"

"नवं जोडायचंय…" तो बोलत फोनशी होता, बघत माझ्याकडे. "हिची हरकत नसेल तर."

हरकत म्हणे! माझा जीव नुकता कुठे भांड्यात पडला होता.

"नाहीये हरकत!" मी एवढ्या मोठ्याने म्हटलं, की ग्रंथपालबाई 'शांतता राखा' म्हणायला बाहेर आल्या… आणि आमच्याकडे बघून न बोलताच आत गेल्या.