सीवर्डला टाक्या कोणी सोडल्या

लाइट बंदच राहू दे. चैत्राली, दार लोटून घे. भुताचीच सांगतोय, पण खरी. अनुपनं मला स्वतः सांगितलेली, आणि तो थापा मारणारा माणूस नाही. थापा मी मारतो.

दोन सप्टेंबर दोन हजार सहा, शनिवार. लेबर डेचा वीकेंड. इथून बॉथेलहून तिघे दोस्त अलास्काला गेलेले: अनुप, सौमित्र, प्रथमेश. अँकरेजला आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घेतली, तीन दिवस ग्लेशियर बघत हिंडले आणि त्या रात्री सीवर्डला, खाडीकाठच्या कॅम्पग्राउंडवर गाडी लावली. एकच काम उरलं होतं. आरव्हीत संडास असतो, त्याच्याखाली टाकी असते. गाडीशेजारी जमिनीत एक भोक असतं, त्यात जाड पाइप घालून ती टाकी सोडायची. रोज.

कोणी सोडायची? वाटीत तीन चिठ्ठ्या टाकायच्या, असं ठरलेलं. पहिल्या दिवशी अनुपचं नाव निघालं. दुसऱ्या दिवशी अनुप. तिसऱ्या दिवशी पण अनुप. या वेळी त्यानं उरलेल्या दोन उघडून बघितल्या.

तिन्हींवर अनुप.

"तीन दिवस लागले यार तुला!" सौमित्र सोफ्यावर लोळून हसत होता. "आणि म्हणे पीएचडी!"

"मीच का?"

"तुला जमतं रे," प्रथमेश म्हणाला. "म्हणजे, तुमच्याकडे तर पूर्वीपासून..."

वाक्य तिथेच थांबलं. पण पोचलं. अनुप नागपूरचा, पाकिटात बाबासाहेबांचा फोटो ठेवणारा. दोघांना माहीत होतं. आठ वर्षं एका ताटात जेवलेले लोक!

अनुपच्या कानशिलाची शीर उडायला लागली. आणखी एक सेकंद आत थांबला असता तर हात उठला असता. म्हणून तो बाहेर पडला. दार असं आपटलं की शेजारच्या गाडीतलं कुत्रं जागं झालं.

अकरा चाळीस. पाऊस. ग्लेशियरवरून येणारा वारा. तरी त्याला घाम फुटलेला, रागानं. आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचाच. कारण हात सवयीनं पाइपाकडेच गेला होता.

"आज नंबर कोणाचा?"

मागे एक म्हातारा. गोरा. गुडघ्यापर्यंत रबरी बूट. हातात वही.

कुत्रं भुंकायचं थांबलं.

"काका, पण तो भूत कशावरून?"

अनुपच्या तोंडातून थंडीनं वाफ निघत होती. म्हाताऱ्याच्या... नव्हती. चैत्राली, गप बस आता.

"नंबर कोणाचा?"

'माझा', असं अनुपच्या ओठांवर आलं होतं. एकदा म्हणून टाकलं की आत जाऊन झोपता आलं असतं. उद्या परत दोस्त. परत हसायचं. परत वाटी.

तो म्हणाला, "त्यांचा. दोघांचा."

"नावं?"

अनुपनं नावं सांगितली. म्हाताऱ्यानं स्पेलिंग विचारलं. प्रथमेशचं दोनदा.

मग तो गाडीकडे गेला. पावसात. पण बूट... वाजत नव्हते. मग दारावर.

टक्.

टक्.

टक्.

दार उघडलं. दोघं बाहेर आले. अनवाणी. डोळे मिटलेले. सौमित्रनं वाकून पाइप उचलला...



अनुप फोल्डिंगच्या खुर्चीत बसला. बसून राहिला. आधी स्वतःची टाकी झाली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. कॅम्पग्राउंडवर चाळीस आरव्ही होत्या. उजाडेपर्यंत... चाळीस.

सकाळी म्हातारा नव्हता. दोघं कंबर धरून उठले. "गादी फार बेकार आहे यार," सौमित्र म्हणाला. रात्रीचं काही आठवत नव्हतं त्यांना. शेजारच्या बाई बनाना ब्रेड घेऊन आल्या, दोघांचे हात हातात घेऊन थँक यू म्हणाल्या आणि त्या हातांचा वास आल्यावर लगेच परत गेल्या.

अनुपनं बॅग उचलली आणि बसनं एकटा अँकरेजला गेला. त्या दोघांशी आजपर्यंत बोललेला नाही.

दोघं अजून इथेच राहतात, वेगवेगळ्या अपार्टमेंटमध्ये. मागच्या जुलैत, भर उकाड्यात, मी प्रथमेशकडे गेलो होतो. सकाळी त्याच्या बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. तो गुडघ्यांवर बसला होता. कमोडमध्ये बर्फाचा गोळा. निळा. ग्लेशियरसारखा.

रोज येतो म्हणे. सौमित्रकडेही. तीन प्लंबर झाले. गरम पाणी ओतलं तरी वितळत नाही, चिमट्यात धरला तर निसटतो.

नुसत्या हातानं निघतो...